काशीत सोडलेलं रताळं

९ जानेवारी, गुरुवार

उमैमाने दिलेल्या वहीत पाच रकाने आहेत. वेळ, पदार्थ, किती मिली, वजन, आणि शेवटचा तक्रारीचा. ती वही इंग्रजीत लिहायची आणि दर भेटीला तिला दाखवायची. उमैमा म्हणजे हॉस्पिटलची डाएटिशियन. सुदानची, उंच, हसरी, पण वजनाच्या बाबतीत शाळेतल्या हेडबाईंसारखी कडक. ही दुसरी वही मी खालच्या ग्रोसरीतून आणली. हिला रकाने नाहीत आणि ही कोणी तपासणार नाही.

ह्यांच्या घशाचं रेडिएशन संपून आज चोवीस दिवस झाले. तेहतीस सिटिंग्ज. गाठ गेली असं डॉक्टर म्हणतात. गाठीबरोबर सोळा किलोही गेले. एकाहत्तर किलोचा माणूस आज चौपन्न पॉइंट सहा भरला. गिळताना दुखतं म्हणून जेवण नाही, आणि डब्यातलं ते व्हॅनिलाचं दूध दोन घोट घेतलं की कप बाजूला. आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चार मार्चला पुढची भेट, तेव्हा काटा बावन्नच्या खाली असेल तर पोटाला छोटं छिद्र पाडून नळी बसवायची आणि त्यातून अन्न द्यायचं. "सिंपल प्रोसिजर," म्हणाले. त्यांच्यासाठी असेल सिंपल.

गाडीत हे शेख झायेद रोडवरून घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "नळी नको, शोभना."

मी म्हटलं, "नाही बसू देणार." बोलून तर गेले. आता निभवायचं मला आहे.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट एकच. चव जाईल, परत यायला काही महिने लागतील, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. मी ह्यांना विचारलं तर म्हणतात, "येते की चव." तेवढं तरी नशीब.

१२ जानेवारी, रविवार

चारच्या सुमारास ह्यांना खाली तळ्याभोवती फिरायला नेलं. अर्धी फेरी झाली की बाकावर बसायचं, असं आमचं ठरलेलं. बाकावर तेविसाव्या मजल्यावरच्या मिसेस ह्वांग बसल्या होत्या. कोरियन आहेत. चार वर्षं लिफ्टमध्ये एकमेकींना मान हलवतोय, त्यापलीकडे ओळख नाही. त्यांना इंग्रजी बेताचं आणि माझं त्यांना कळत नाही.

ह्यांच्या गळ्यावरचे काळपट डाग बघून त्यांनी काही विचारलं नाही. थर्मास उघडला, झाकणात काहीतरी घट्टसर पिवळं ओतलं आणि दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरलं. वाफ येत होती. मी म्हणणारच होते की नको, ह्यांना जात नाही. हे प्यायले. थांबत थांबत, पण सगळं प्यायले. डोळे मिटून.

मी बघतच राहिले. महिनाभर मी दुधापासून पेजेपर्यंत काय काय केलं, आणि हिच्या झाकणातलं एका बैठकीत खलास. बरं वाटलं, आणि खोटं कशाला लिहू, थोडा रागही आला.

"व्हॉट इज धिस?" मी विचारलं.

"गोगुमा," बाई म्हणाल्या. मला कळेना तेव्हा फोनवर फोटो दाखवला.

रताळं.

मी कपाळाला हात लावला. बाईंना वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय. त्यांनी मलाही झाकणभर देऊ केलं. नको नको म्हणताना माझी तारांबळ उडाली, कारण काशीची गोष्ट मी कोणत्या इंग्रजीत सांगणार होते?

१३ जानेवारी, सोमवार

काशीची गोष्ट लिहून काढते, म्हणजे मनातून जाईल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं काशीला गेलो. काशीला गेलं की एक आवडती वस्तू कायमची सोडायची, घरच्यांच्या सुखासाठी. सासूबाईंनी आंबा सोडला होता. हापूस. मरेपर्यंत फोडीला शिवल्या नाहीत. मी घाटावर उभी राहून विचार केला, काय सोडावं? चहा शक्य नाही. भात शक्य नाही. मग सुचलं, रताळं. वर्षातून दोन-चार उपासांना लागतं, दुबईत कोण आग्रह करायला येतंय? हात जोडले आणि सोडलं. हे शेजारी उभे होते. म्हणाले, "देवाला फसवायला एवढ्या लांब आलीस होय?" त्यांनी स्वतः काहीच सोडलं नाही. म्हणाले, माझं मन साफ आहे.

तेव्हा हसले होते मी. गेल्या वर्षी ह्यांची गाठ निघाली तेव्हापासून हसू येत नाही. सासूबाई म्हणायच्या, सोडलेलं परत धरलं तर ज्याच्यासाठी सोडलं त्यालाच बाधतं. मी तर सोडतानाच लबाडी केली. असल्या गोष्टी खऱ्या नसतात हे मला कळतं. शाळेच्या लायब्ररीत बावीस वर्षं काढली आहेत मी. पण कळणं वेगळं आणि हिंमत वेगळी.

तर ठरलं असं. गोगुमा मी करणार, ह्यांना रोज देणार, आणि जिभेला थेंबही लावणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ नावाला केला. सुपरमार्केटमधून रताळी आणली, आतून केशरी असतात ती. कुकरला तीन शिट्ट्या, मिक्सरमधून दूध घालून काढलं, वर वेलची, जायफळ आणि केशर. दिसायला बासुंदीसारखं देखणं.

मिसेस ह्वांगना एक वाटी नेऊन दिली. त्यांनी चमचाभर घेतलं आणि फार सभ्यपणे चमचा खाली ठेवला. मग माझा हात धरून मला स्वतःच्या स्वयंपाकघरात नेलं. कुकरची खूण करून दोन्ही हातांची फुली मारली. जायफळाला फुली. केशराला फुली. रताळ्याचा रंग विचारला, त्यालाही फुली. त्यांच्याकडचं एक कच्चं कापून दाखवलं. बाहेरून लालसर, आतून पांढरंपिवळं, कोरडं.

अगं बाई, हे तर आपलं उपासाचं रताळं. हे शोधायला कोरियाला कशाला जायला हवं?

१८ जानेवारी, शनिवार

टॅक्सी करून रास अल खोरच्या भाजी मार्केटला गेले. हे सोबत येतो म्हणत होते. म्हटलं, तुम्ही फक्त वजन सांभाळा. रताळ्यांच्या राशीपाशी एक हमाल पोत्यावर बसून फोनवर मराठीत कोणालातरी झापत होता. फोन संपेपर्यंत थांबले. बाबाजी नाव त्याचं, जुन्नरकडचा, पन्नाशीचा.

"उपासाला का, ताई?" म्हणाला.

म्हटलं, "नाही, पेशंटसाठी. पातळ करून द्यायचंय."

त्याने मी उचललेली सगळी परत टाकली. "धुतलेली नका घेऊ. मातीची घ्या. मधी जाड, टोकाला निमुळती. आन् घरी नेल्या नेल्या शिजवायची नाहीत. पेपरवर पसरा, आठ दिवस बसू द्या. गोडी मागनं उतरती."

पाच किलोची पेटी, वीस दिरहम. म्हणजे साडेचारशे रुपये, असं त्यानेच मोठ्याने सांगितलं आणि वर स्वतःच हळहळला. पेटी टॅक्सीत ठेवून देताना विचारलं, "मालकांना काय झालंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "पितील. रताळं कुनाला नको व्हत नाही."

हॉलमध्ये पेपरवर रताळी पसरली आहेत. सोफ्यापर्यंत माती झाली आहे आणि मी झाडत नाहीये.

२६ जानेवारी, रविवार

आज केलं. ओव्हनमध्ये तासभर, सालाला फोड येऊन चिकट पाक बाहेर येईपर्यंत. साल काढून गर कुस्करायचा, कोमट दुधात मिक्सरला फिरवायचा, बारीक गाळणीतून दोनदा गाळायचा, कारण धागा लागला तर ह्यांना ठसका बसतो. मग मंद गॅसवर ढवळत गरम करायचं. उकळी नाही. चमचाभर मध, चिमूटभर मीठ. वेलचीवर मी अडून बसले, तेवढी एक मिसेस ह्वांगनी मान्य केली. त्यांनी चव घेऊन दोन्ही अंगठे वर केले. सगळी मापं मी लिहून घेतली, कारण रोज काही त्यांना चव घ्यायला बोलावता येणार नाही.

दोनशे मिली गेलं. दोनशे. कप खाली ठेवून हे म्हणाले, "छान."

मी उभीच राहिले. एकोणतीस वर्षं झाली लग्नाला. ह्या माणसाने माझ्या हातच्या एकाही पदार्थाला छान म्हटलेलं नाही. पहिला घास आणि एक शब्द. "मीठ." "पातळ." "तिखट." फार मोठं बोलायचं असेल तर "जरा घाई झाली." पहिल्या वर्षी मी रडायचे, नंतर भांडायचे, नंतर या कानाने ऐकून त्या कानाने सोडायला लागले. आणि आज रताळ्याला छान.

उमैमाच्या वहीत तक्रारीच्या रकान्यात ऐटीत लिहिलं, 'निल'.

वजन ५३.१.

२९ जानेवारी, बुधवार

५३.२. दिवसातून दोनदा घेतात. मी विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" म्हणाले, "अगदी." "परवापेक्षा?" "परवापेक्षा छान."

दुसरं 'छान'. आजारपणाने माणूस मऊ होतो म्हणतात ते खरं असावं.

२ फेब्रुवारी, रविवार

५३.५. मुगाचं कढणही घेतात आता दुपारी, पण खरी भिस्त गोगुमावर. आज म्हणाले, "वेलची मस्त लागली." वेलची शुक्रवारी संपली, आणायची राहूनच जातेय. भांड्याला वास राहिला असेल. ह्यांचं नाक पहिल्यापासून तिखट.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुजीतचा मँचेस्टरहून व्हिडिओ कॉल. मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो, दोघांनाही सवय झाली आहे. मी म्हटलं, बाबा आता माझ्या स्वयंपाकाला छान म्हणतात. तो म्हणाला, "आर यू शुअर ही इज ओके?" आणि हसला. मग म्हणाला, "आई, जस्ट टेस्ट इट. हू इज चेकिंग?"

म्हटलं, तेच तर. कोण तपासतंय ते आपल्याला माहीत नाही.

हे मागून फोनमध्ये डोकावून म्हणाले, "आईला त्रास देऊ नकोस. चव बघायला मी आहे." मला इतकं बरं वाटलं की फोन ठेवल्यावर उगाच कपाट आवरत बसले.

१० फेब्रुवारीपासून अर्धा दिवस ऑफिसला जाणार आहेत. ऑफिस इथेच, टॉवरांचे दोन क्लस्टर सोडून. परचेसमधली माणसं ह्यांच्याशिवाय अडली आहेत म्हणे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

आमच्याकडे एकसारखे दोन थर्मास आहेत. सकाळी एकात गोगुमा भरला, दुसऱ्यात मुगाचं कढण. गोगुमाचा हे ऑफिसला नेतात, कढण घरी आल्यावर घेतात. दीड वाजता कढण गरम करायला म्हणून घरचा थर्मास पातेल्यात ओतला. रताळं होतं.

म्हणजे ह्यांनी कढण नेलं होतं. मीठ, आलं, जिऱ्याची फोडणी घातलेलं. मला वाटलं आता रागावून येतील, म्हणतील की घोटभर घेऊन ठेवून दिलं. तेवढ्यात दार उघडलं. बूट काढता काढता रिकामा थर्मास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आजचा गोगुमा एकदम मस्त. गोडही बेताचं."

मी थर्मास धुतला. झाकणाला जिरं चिकटलं होतं.

मग बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले आणि तिथे रडले. त्यांना काहीच लागत नाही. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही. दोन महिने झाले, हा माणूस गरम चिखल प्यावा तसं पितोय आणि मला सांगतोय वेलची मस्त. आणि मी बावळट, आरशात बघून खूश होत होते. एकोणतीस वर्षं वाट बघितली त्या शब्दाची, तो आला आणि तोही खोटा.

कशाचं जास्त वाईट वाटलं ते नीट सांगता येत नाही. त्यांच्या जिभेचं वाटायला हवं. पण आधी माझंच वाटलं. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऑफिसला निघायच्या आधी विचारलं. "काल तुम्ही कढण प्यायलात. सांगितलं का नाहीत?"

हे खुर्चीवर बसले. पायातला मोजा वर ओढला. आवाज अजून घोगरा आहे, सावकाश बोलावं लागतं. म्हणाले, "काय सांगू? तुला चव बघायची नाही, मला चव लागत नाही. म्हटलं, दोघांतल्या एकाने तरी बघितल्यासारखं करावं."

"पण खोटं 'छान' कशाला?"

"तू मार्केटमधून पेटी आणलीस. हॉलभर माती." एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "यापुढे खोटं बोलायचं नाही. मला नकोय ते."

"बरं," म्हणाले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

५२.४. आता खोटं बोलत नाहीत. पीतही नाहीत. गेले दोन दिवस शंभर मिलीवर थांबतात. कप ठेवतात, मान हलवतात, 'नको'. नाटक करायचं म्हणून तरी कप संपत होता, हे आता माझ्या डोक्यात शिरलं. नाटक बंद पाडलं मीच. हौसेने.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. घरभर रताळी भाजल्याचा वास आणि मी वरीच्या तांदळावर. मिसेस ह्वांगना उपास म्हणजे काय ते खुणांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नो इट? बट गोगुमा ओके?" म्हटलं, सगळ्या जगाला ओके, मलाच नाही. त्यांना काही कळलं नसावं, पण पाठीवर हात ठेवून गेल्या.

दुपारी कप घेऊन ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अहो, खोटं तर खोटं. म्हणा छान."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. एक घोट घेतला. "छान."

"वेलची?"

"वेलची अप्रतिम." आणखी एक घोट.

"आज घातलीच नाही."

"म्हणून तर अप्रतिम." असं करत करत दीडशे संपवले. हसताना एकदा ठसका लागला तेव्हा मी कप धरून त्यांची पाठ चोळली.

वजन ५१.९. उमैमाच्या वहीत तोच आकडा लिहिला.

४ मार्च, मंगळवार

५१.६.

डॉक्टर चांगले आहेत, ओरडले नाहीत. गाठीची जागा साफ आहे, गिळणंही सुधारतंय, फक्त वजन साथ देत नाही. सतराला सोमवार आहे, त्या दिवशी नळी. तोवर तेरा दिवस काय करायचं ते करा. उमैमाचा रमजानचा उपास सुरू झालाय. ओठ कोरडे पडलेले, तरी अर्धा तास बसून समजावत होती. वही चाळून म्हणाली, "नो कम्प्लेंट्स? नॉट वन? मॅडम, पेशंट हू नेव्हर कम्प्लेन्स, दॅट वरीज मी." आधी का नाही गं बोललीस, असं मनात म्हटलं. बाहेर पडताना ती म्हणाली, "इन्शाल्ला." मीही इन्शाल्ला म्हटलं. जे कोणी ऐकत असेल त्याने ऐकावं.

गाडीत ह्यांनी विचारलं, "चव येईल ना गं कधी?"

एवढ्या सगळ्यात त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "येणार." ह्या वेळी खोटं बोलायची पाळी माझी होती.

९ मार्च, रविवार

५१.५. रताळ्यांची दुसरी पेटी आणली. बाबाजीने विचारलं, "मालक पितात का?" म्हटलं, पितात. त्याने दोन जास्तीची टाकली.

आज स्वयंपाकघरात गर कुस्करताना बोटाला लागला आणि सवयीने बोट तोंडाकडे गेलं. मध्येच थांबवलं, नळाखाली धरलं. माझ्यामुळे आणखी काही व्हायला नको.

१२ मार्च, बुधवार

संध्याकाळी साडेपाचला हॉस्पिटलमधून फोन आला. सोमवारच्या नळीचा फॉर्म भरायचा होता. नाव, वय, ॲलर्जी, आधीची ऑपरेशन्स, दात खरे की कवळी. गॅसवर गोगुमा होता. मी एका हाताने ढवळत एका हाताने फोन धरला होता. मग एमिरेट्स आयडीचा नंबर मागितला म्हणून कार्ड शोधायला बेडरूममध्ये गेले. परत येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. काहीतरी वास आला, पण रोजा सोडायची वेळ जवळ आली की मजल्यावर सगळीकडे तळण चालू असतं, त्यातलाच वाटला. वरचं वरचं कपात ओतलं, नेऊन दिलं आणि परत फोनवर. नर्स विचारत होती, पेशंट सध्या तोंडाने काय घेतो? मी म्हटलं, स्वीट पोटॅटो. ती म्हणाली, स्पेलिंग?

"करपलं."

मी वळून बघितलं. हे कप धरून बसले होते, भुवया जवळ आलेल्या.

"काय म्हणालात?"

"करपलं," म्हणाले. जुन्या आवाजात.

मला आधी राग आला. महाशिवरात्रीपासून आमचा खेळच चालला होता, मी विचारायचं आणि त्यांनी खोटं सांगायचं. मला वाटलं, आज माझा चेहरा बघून जुनं नाटक काढलंय. 'छान' खोटं निघालं म्हणून आता खोटी तक्रार. हुशार माणूस आहे, त्यांना सुचू शकतं. म्हटलं, "अहो, आज नको. आज मला सहन होणार नाही."

"खरंच करपलंय गं," हे म्हणाले. "कडू लागतंय." आणि स्वतःच थांबले. स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

फोनमध्ये नर्स मॅडम, मॅडम करत होती. मी फोन सोफ्यावर टाकला, त्यांच्या हातातून कप घेतला आणि प्यायले. चमचाभर नाही, चांगला मोठा घोट.

करपलं होतं. चांगलंच करपलं होतं. घशात धुरासारखं बसलं, मग मागून रताळ्याची गोडी आली, तीन वर्षांनी. मी आणखी एक घोट घेतला. खात्रीसाठी. मग तिसरा कशासाठी घेतला ते मला माहीत नाही. इतकं वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही आणि इतकं चांगलं काही कधी प्यायलेही नाही.

"करपलंय हो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. हेही रडत होते. नाक पुसत म्हणाले, "पातेल्याचा तळ बघायचा होतास. सोडलेलं तोंडात कशाला घातलंस?"

खरंच की. तळ बघितला असता तरी कळलं असतं. ते मला सुचलंच नाही.

पातेलं भिजत घातलं आणि नवीन केलं. ह्या वेळी गॅसपासून हलले नाही. ह्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, जिभेच्या एका बाजूला नेला, दुसऱ्या बाजूला नेला. "गोड नीट कळत नाही अजून," म्हणाले. "पण काहीतरी आहे." अडीचशे मिली संपवलं. कप मला आतून दाखवला.

देवापुढे निरांजन लावलं. म्हटलं, सोडलेलं मी धरलं, लबाडीही माझीच होती, काय बोलायचं ते मला बोल. ह्यांना मध्ये घेऊ नकोस.

मग उमैमाची वही उघडली. वेळ, पदार्थ, मिली. तक्रारीच्या रकान्यात इंग्रजीत काय लिहावं कळेना, म्हणून मराठीतच लिहिलं.

१७ मार्च, सोमवार

उपाशीपोटी बोलावलं होतं. काट्यावर उभं राहायच्या आधी ह्यांनी खिशातलं पाकीटसुद्धा काढून दिलं. म्हणाले, खोटं नको.

५२.२.

डॉक्टरांनी दोनदा वजन केलं, घशात बघितलं, जिभेवर काड्या टेकवून विचारलं. कडू कळतं, खारट थोडं कळतं, गोड अजून लांब आहे. पण येतंय. नळी तूर्त रद्द, महिन्याने परत दाखवा. मी फॉर्म परत मागितला. नर्स म्हणाली फाइलला राहू दे. राहू दे म्हटलं.

उमैमाने वही बघितली. बारा तारखेपासून शेवटचा रकाना भरलेला. तिला मराठी येत नाही, मी बोट ठेवून सांगत गेले. करपलं. पातळ. मीठ. मीठ. जरा घाई झाली. ती म्हणाली, "सो मेनी कम्प्लेंट्स, मॅडम. यू आर नॉट अँग्री?"

म्हटलं, आहे ना. फार.

ती मोठ्याने हसली आणि मला जवळ घेतलं. मग म्हणाली, "यल्ला, नेक्स्ट पेशंट."

गाडीत ह्यांनी विचारलं, "मग काशीचं काय करायचं आता?"

"परत जाऊ. दुसरं काहीतरी सोडीन."

"कारलं?"

"नाही. या वेळी लबाडी नाही. खरंच आवडतं ते सोडणार."

"म्हणजे काय?"

"तुमच्या तोंडचं 'छान'," मी म्हटलं. "आजपासूनच सोडलं. पुन्हा बोलायचं नाही."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मेट्रोचा पूल गेला, मग आमचे टॉवर दिसायला लागले.

घरी आल्याबरोबर गोगुमा केला. ह्यांनी पहिला घोट घेतला.

"मीठ," म्हणाले.

मी त्यांच्याच कपात चमचा बुडवून चव घेतली. कमीच होतं. मिठाचा डबा आणायला उठले.